स्यांग्जाचं आमंत्रण आणि सोयाबीनची सोंगणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यातला हा २४ वर्षांचा तरुण. अकोल्याला कृषी पदवी घेताना नेपाळच्या स्यांग्जा जिल्ह्यातला एक मुलगा चार वर्षं याच्याच खोलीवर राहिला, पोळ्याला, दिवाळीला याच्या घरी जेवला, वऱ्हाडी बोलायला शिकला. आता तो गावी परतलाय आणि म्हणतो, "दसऱ्याला चौघंही घरी या, आई वाट पाहते." पत्रलेखकाने बारा दिवसांचा बेत आखला: मुक्काम मित्राच्या घरी, तिथूनच पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. पण वडील विचारतात, सोयाबीन कोण सोंगणार? एक मित्र माळकरी आहे, दसऱ्याला तिकडे बकरं कापतात हे ऐकून तो बिचकलाय. दुसरा नोकरीवाला, "दसऱ्याला मला जमणार नाही" यापुढे बोलत नाही. त्याची आजी दरवर्षी दीक्षाभूमीला जाते, असं पत्रात एका ओळीत येऊन गेलंय. तिसऱ्याचे आईवडील मजुरी करतात. त्याच्यासाठी बाकीच्यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर्गणी ठरवली, तर तो ग्रुपच सोडून गेला. पासपोर्ट एकाकडेही नाही. प्रश्न असा: "नाही गेलो तर तो दुखावेल, गेलो तर इथे चौघांत फूट पडेल. काय करू?"

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ही अडचण पैशांची आणि कागदपत्रांची वाटली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की कागदपत्रं आणि पैसा हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग तू ज्या गोष्टी गृहीत धरल्यास त्यात आहे, म्हणून आधी त्याच बघू.

पहिली म्हणजे, आमंत्रण दसऱ्याचं आहे तेव्हा जायचं तर दसऱ्यालाच. दसऱ्याचा दिवस तुम्हा चौघांसाठी सारखाच मोकळा आहे, हे तू विचार न करता धरून चाललास. तसं नाही. तुझ्या घरी तो सोयाबीनचा हंगाम. नोकरीवाल्या मित्राच्या घरी ती अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तो दिवस. त्याची आजी दरवर्षी दीक्षाभूमीला जाते, हे तूच लिहिलंस आणि पुढच्या ओळीला निघून गेलास. म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत कुणीतरी हात धरून नेतं, रात्री मुक्कामाला सोबत थांबतं. तो नातू बहुतेक हाच असेल. त्याने कारण सांगितलं नाही, कारण तुम्हा तिघांच्या उत्साहावर पाणी टाकायचं त्याच्या जिवावर आलं असेल. एकदा त्याच्याकडे जाऊन बस आणि विचार.

मजुरी करणाऱ्या घरातल्या मित्राचा हिशेब तर तुम्ही पुरा चुकवला. तुम्ही तिकीट आणि जेवण मोजलं. त्याचा खरा खर्च त्याहून मोठा आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून दसरा-दिवाळीपर्यंतचे दिवस म्हणजे मजूर घराची वर्षातली कमाई. सोयाबीनची सोंगणी एकराच्या गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने निघते, लगोलग पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची पहिली वेचणी लागते. त्या काळात जोडीतला एक तरणा गडी बारा दिवस गेला की त्या घराचा गुत्ताच हातचा जातो. तुम्ही भाड्याची वर्गणी काढली तरी बुडालेली मजुरी कोण देणार? आणि दिली तरी तो ती घेईल का? ग्रुपवर सगळ्यांदेखत त्याच्यासाठी वर्गणी ठरली, त्याला आधी कुणी एका शब्दाने विचारलं नाही. तो ग्रुप सोडून गेला ते रागाने कमी आणि लाजेने जास्त, असं मला वाटतं. त्याला फोन करू नकोस, घरी जा.

आता वडिलांचं. ते आडवे येताहेत असं तुझ्या लिहिण्यातून दिसतं, पण त्यांचं गणित चोख आहे. तुझ्या वावरात कोणतं वाण आहे ते बघ. जेएस ३३५ असेल तर पेरणीपासून ९५ ते १०० दिवस. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं असेल तर सप्टेंबरच्या शेवटाला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते हाताशी येतं. शेंगा पिवळ्या-तपकिरी पडल्या की चार-पाच दिवस इकडेतिकडे चालतं, त्यापुढे उन्हात शेंगा तडकतात आणि दाणा वावरातच सांडतो. परतीचा पाऊस आलाच तर शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग लावून ताडपत्री टाकायला घरचा माणूस लागतो, हे काम मजुरावर सोडता येत नाही. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जातो, तेव्हा मळणीसुद्धा उरकलेली असते. तसं नसेल तर वडिलांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग मित्र दुखावेल त्याचं काय? इथे तुझं दुसरं गृहीत आहे. दसऱ्याला नाही म्हणणं म्हणजे आमंत्रणालाच नाही म्हणणं, असं तू धरलंस. त्याने तुम्हाला घरी बोलावलंय, सण हे निमित्त आहे. स्यांग्जाच्या घरात दसरा म्हणजे काय ते नीट समजून घे, म्हणजे त्याच्याही बाजूने विचार करता येईल.

नेपाळमधला दशैं घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत पंधरा दिवस चालतो. आपल्याकडे घटाखाली धान पेरतात तसंच तिथे अंधाऱ्या खोलीत जव पेरतात. ऊन न लागल्याने ते पिवळेधमक उगवतात, त्याला जमरा म्हणतात. अष्टमी-नवमीला खसी, म्हणजे बोकड कापतात. दशमीला मुहूर्त साधून घरातली मोठी माणसं दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवलेला जाडजूड टीका कपाळावर लावतात, कानामागे जमरा खोवतात, आशीर्वाद देतात, हातावर दक्षिणा ठेवतात. तिथून पौर्णिमेपर्यंत नातेवाइकांची रीघ असते. लेकी माहेरी येतात, काठमांडूतले, आखातातले, भारतातले कामकरी घरी परततात. बांबू उभे करून गावात झोके बांधतात. म्हणजे तू ज्या दिवसांत बारा दिवस राहायला निघालास, त्या दिवसांत त्या घरात वर्षभरातली सर्वांत जास्त माणसं असतात.

आणि तीच तिसरी चूक: मित्राच्या घरी राहिलं की मुक्काम फुकट. कोणाला फुकट? तुम्ही चौघं तरणे गडी. डोंगरातल्या घरात दोन वेळ डाळ-भात-तरकारी असते, सकाळी दहाच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी एकदा. माणशी एका वेळेला २०० ग्रॅम तांदूळ धर. चौघांचे दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम, बारा दिवसांचे १९ किलोच्या वर. त्यावर डाळ, भाजी, तूप, चहा, जळण, पाणी, चार गाद्या आणि चार सिरक, सिरक म्हणजे तिकडची रजई. त्याची आई "अजून राहा" म्हणेल आणि मनापासून म्हणेल, तुझी आई तरी वेगळं काय म्हणाली असती? म्हणूनच किती दिवस राहायचं हे पाहुण्याने ठरवून जायचं असतं. दोन रात्री, फार तर तीन. बाकीचे दिवस स्वतःच्या खर्चाने बाहेर.

तेव्हा तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. दसऱ्यालाच चौघांनी जाणं: वर लिहिलेल्या सगळ्या कारणांनी ही वाट मोडते. दसऱ्याला ज्याला जमेल त्याने जाणं: म्हणजे तू आणि फार तर माळकरी मित्र, पाच-सहा दिवस. यात त्याच्या आईचा शब्द राहतो, टीका लावून घेण्याचा मान मिळतो आणि तो मान लहान नाही. पण ज्या दोघांना जमणार नाही तेच दोघे मागे राहतात, आणि का राहिले हे चौघांनाही माहीत असतं. ती सल मग बरीच वर्षं जात नाही.

तिसरी वाट मला पटते: माघे संक्रांती. आपली मकरसंक्रांत ती त्यांची माघे संक्रांती, १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्या दिवशी तिळाचे लाडू, तूप, चाकू म्हणजे उसाच्या रसाची घट्ट आटवलेली गुळासारखी वडी, खिचडी आणि उकडलेला तरुल खातात. तरुल म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद. काही समाजांत त्या दिवशी मटणही असतं, पण माळकऱ्याला बाजूला बसावं लागेल असा तो सण नाही. तुझं सोयाबीन विकलेलं असेल, कापसाच्या एक-दोन वेचण्या झाल्या असतील, हरभरा पेरून झालेला असेल. तूर निघाली की नाही एवढंच वडिलांना विचारायचं. मजुराच्या घरात दिवाळीनंतर हातात पैसा असतो आणि कामाचा रेटा ओसरलेला असतो. दीक्षाभूमीचा दिवस मागे गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट, तुम्हा कृषीवाल्यांसाठी. स्यांग्जा हा नेपाळमधला संत्र्याचा जिल्हा आहे. तिथे संत्र्याला सुंतला म्हणतात. तो मार्गशीर्ष-पौषात उतरतो, म्हणजे जानेवारीत उशिरा पिकणारी झाडं अजून लदलेली दिसतील. तुमच्याकडे काळ्या जमिनीत जंबेरी लिंबाच्या खुंटावर (कलम ज्यावर बांधतात त्या रोपावर) बाग उभी, तिथे डोंगरउतारावर पायऱ्या पाडलेल्या आणि खुंट बऱ्याच ठिकाणी तीनपाती. पायऱ्यांच्या बांधावरून पाणी कसं काढून दिलंय ते बारकाईने बघा. डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने हैराण झालेल्या आपल्या बागांसाठी त्यात शिकण्यासारखं आहे. फक्त एक मोह टाळा: कलमाचे डोळे किंवा काडी पिशवीत घालून आणू नका. ग्रीनिंगचा रोग कलमाच्या काडीतून जातो, पोखरा खोऱ्यातल्या जुन्या बागा त्या रोगाने गेल्या. परवान्याशिवाय कलमं आणि बियाणं सीमेपलीकडून आणायला कायद्यानेही मनाई असते. इकडून संत्रीही नेऊ नका.

मित्राला हे कसं सांगायचं? लांबण लावू नकोस. असं लिही (आमा म्हणजे आई, बुबा म्हणजे वडील): "भाऊ, चौघंही येतो. दसऱ्याला आमच्याकडे सोंगणी असते आणि एकाच्या आजीचा दीक्षाभूमीचा नेम असतो. माघे संक्रांतीला आलो तर चालेल का? दोन रात्री तुमच्याकडे राहू, मग पोखऱ्याला जाऊ. आई-बुबांना विचारून सांग. दशैंच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल करतो, आमांचा आशीर्वाद फोनवर घेतो." यात तारीख आहे, मुक्काम किती ते आहे, आणि ठरवायचं त्याच्या घरच्यांवर सोडलंय. त्याच्या आईचा हट्ट दशैंचाच असेल तर तोही कळेल, मग दुसऱ्या वाटेचा विचार करा.

आता कागदपत्रं. पासपोर्ट नाही म्हणून जाता येत नाही, हा गैरसमज तुझ्यासारख्या बऱ्याच वाचकांचा असतो. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्टऐवजी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र १५ ते ६५ वर्षांमधल्या माणसासाठी ग्राह्य धरलं जात नाही. कोणी सांगेल की सुनौलीच्या सीमेवर कुणी विचारतच नाही, आम्ही आधारवर जाऊन आलो. बऱ्याचदा खरंच विचारत नाहीत. पण लॉजवाला, रस्त्यावरचा पोलीस किंवा दवाखाना विचारतो तेव्हा गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असता. चौघांचीही मूळ मतदार ओळखपत्रं काढून बघा. नाव, जन्मतारीख, फोटो आधारशी जुळतो का ते बघा. चूक असेल किंवा कार्ड हरवलं असेल तर फॉर्म ८, नाव मतदार यादीतच नसेल तर फॉर्म ६. ऑनलाइन भरता येतात किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यायचे. याला आठवडे लागतात, म्हणून जानेवारीचं काम सप्टेंबरात. ज्याला पुढे तसाही पासपोर्ट हवाय त्याने काढावा, साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. बाकीच्यांनी फक्त या प्रवासासाठी तो खर्च करायची गरज नाही.

रस्ता असा. नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, त्या बहुतेक ठरावीक वारीच सुटतात. प्रवास जवळपास एक दिवस-रात्रीचा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, म्हणजे १० जानेवारीची गाडी हवी तर ११ नोव्हेंबरला बसायचं. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट आपापल्या दिवशी लगेच काढा. गोरखपूरहून सुनौलीला बस, अडीच-तीन तास. सुनौलीची कमान चालत ओलांडली की पलीकडे बेलहिया, तिथून चार किलोमीटरवर भैरहवा.

जानेवारीत एक गोष्ट हमखास बिघडते: धुकं. कानपूर-लखनौ-गोरखपूरच्या पट्ट्यात गाड्या पाच-सहा तास, कधी त्याहून जास्त उशिरा पोचतात. म्हणून गोरखपूरला उतरल्याच्या दिवशी स्यांग्जा गाठायचा बेत धरू नका. सीमा उजेडात ओलांडा. अंधार पडला तर गोरखपुरात किंवा सुनौलीला रात्र काढा. तो एक दिवस बेतात आधीच सोडून ठेवा. उशीर झाला नाहीच तर तो दिवस लुंबिनीला द्या.

लुंबिनी भैरहवापासून २२ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तुमच्या नोकरीवाल्या मित्रासाठी हा या प्रवासातला सर्वांत मोठा दिवस असेल. मायादेवी मंदिर, त्याच्या बाजूला अशोकाचा स्तंभ. त्यावरच्या ब्राह्मी लेखात बुद्ध इथे जन्मले असं कोरलंय. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. त्या दिवसाचा बेत त्यालाच आखू दे. अर्धा दिवस उरकून पुढे पळायची घाई करू नका, आवार मोठं आहे, चालायलाच तीन-चार तास जातात. मुक्कामाला विहार आणि साधी लॉज दोन्ही मिळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर भैरहवा किंवा बुटवलहून पोखऱ्याची सिद्धार्थ राजमार्गाने जाणारी बस धरा. गाडीवाल्याला विचारून घ्या, कारण पोखऱ्याला दुसऱ्या वाटेनेही बसा जातात आणि त्या स्यांग्जावरून जात नाहीत. बुटवल सुटलं की लगेच सिद्धबाबाचा कडा लागतो, पावसाळ्यात तिथे दरडी आणि दगड पडतात. जानेवारीत तो धोका बराच कमी, दसरा लवकर आला असता तर हीच काळजी होती. पुढे पाल्पा, मग रामदीला काळी गंडकीवरचा पूल. माळकरी मित्राला खिडकीशी बसव. शाळिग्राम ज्या नदीत सापडतात ती ही. विष्णूचं तीर्थ मुक्तिनाथ त्याच्या मनात का आहे ते मला कळतं. पण मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे, पोखरा साधारण ८०० मीटरवर. चिखलदऱ्यापलीकडे उंची न पाहिलेल्या माणसाने एका-दोन दिवसांत तिथे चढायचं म्हणजे डोकं धरणं, मळमळ, झोप न लागणं ठरलेलं. जानेवारीत त्या रस्त्यावर बर्फही असतो. पोखऱ्याहून नीट जाऊन यायला तीन-चार दिवस लागतात. ते या खेपेत बसत नाही, काठमांडूही बसत नाही. दोन्ही काढून टाक. बारा दिवसांचे दहा होतील आणि अंगावर येणार नाहीत.

घाटाच्या वळणांनी सपाटीवरच्या माणसाला गाडी लागते. बसच्या पुढच्या भागात बसा, निघताना पोटभर जेवू नका, उलटीची गोळी गाडी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

पैशांचं. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचा १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. बोलताना भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळीला एनसी म्हणतात. भाडं "पाचशे" सांगितलं तर लगेच विचारा, आयसी की एनसी? पाचशे एनसी म्हणजे तुमचे ३१२ रुपये ५० पैसे. फसवाफसवी नसतानाही नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यामुळे मोठी नोट घ्यायला दुकानदार अजून कचरतात. बँकेतून शंभराच्या नोटा काढून न्या, थोडे पैसे सीमेवर बदलून घ्या. मार्च २०२४ पासून नेपाळच्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण ते शहरातल्या दुकानांपुरतं धरा. डोंगरातल्या चहाच्या टपरीवर रोखच लागेल. आपलं सिम पलीकडे रोमिंगशिवाय बंद पडतं. तिथलं सिम घ्यायला ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक फोटो जवळ ठेवा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं, शेवटची बस चुकवायला तेवढी पुरतात.

खर्च माणशी साडेनऊ हजार धरून चाल: स्लीपरने रेल्वे, बसगाड्या, लुंबिनी-पोखऱ्याला चौघांत एक-दोन खोल्या, साधं जेवण आणि अडीअडचणीला बाजूला काढलेले १,५००, सगळं त्यातच. आता हा आकडा ज्या मित्राच्या घरी मजुरी आहे त्याच्यापुढे ठेव, एकट्याला, त्याच्या ओट्यावर बसून. "यातलं काय कमी करायचं ते तू सांग," असं विचार. तो म्हणेल लॉजऐवजी विहारात राहू, तर चौघांनीही विहारात राहायचं. एकासाठी स्वस्त आणि तिघांसाठी महाग असा बेत करू नका. ऑक्टोबर ते जानेवारी, चार महिने, दरमहा २,४०० च्या आत पैसे एकाकडे जमा करायचे, सगळ्यांनी सारखे. सोंगणीच्या हंगामात हातात पैसा आला की त्याचे दोन हप्ते एकदम पडतील. तरीही त्याने नाही म्हटलं तर ते नाही ऐकून घे. "तू नसशील तर मजा नाही" असं म्हणून त्याला अडकवू नकोस.

त्या घरात शिरताना: जोडे बाहेर. मित्राच्या आईला "आमा", वडिलांना "बुबा" म्हणा. आपल्याकडे मायला, आजीला सर्रास "तू" म्हणतो, तिथे मोठ्यांना "तपाईं". स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय पाय टाकू नका, चूल आणि देव जवळजवळ असतात. उष्ट्याला ते "जुठो" म्हणतात आणि फार पाळतात. आपल्या ताटातला चमचा भाजीच्या भांड्यात घातला, तांब्याला तोंड लावून पाणी प्यायलं, की पुढची माणसं ते भांडं घेत नाहीत. तोंडावर कुणी बोलणार नाही, पण आमा ते भांडं मुकाट्याने उचलून नेतील.

माळकऱ्याची गोष्ट मित्राला आठवडाभर आधी कळव, ताटावर बसल्यावर नको. "मांस, अंडं काही नाही, वेगळ्या भांड्यात डाळ-भात चालेल" एवढं पुरे. बाहेर मोमो खाताना कशाचे आहेत ते विचारा. तिथे म्हशीच्या मांसाचे मोमो सर्रास मिळतात आणि दिसायला सगळे सारखेच असतात.

यातलं काही न जमून दशैंलाच जायचं ठरलं तर नवमीच्या संध्याकाळपर्यंत घरी पोचा. दशमीला गाड्या तुरळक असतात, कारण चालकही टीका घ्यायला घरी गेलेले असतात. अष्टमी लुंबिनीत काढली तर माळकऱ्याची अडचण बरीच कमी होते. टीका लगेच पुसू नका, दक्षिणा परत करू नका. आणि ज्याला देवीच्या नावाचा टीका घ्यायचा नसेल त्याने हात जोडून आशीर्वाद घ्यावा. नेपाळमध्येही काही समाज दशैं मानत नाहीत, काही जण लाल सोडून पांढरा टीका लावतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. मित्राला फक्त आधी सांगून ठेवा.

भेट काय न्यावी असं तू शेवटी विचारलंस. घरची तूर डाळ, दोन-तीन किलो, नीट पाखडून, जाड पिशवीत. डोंगरात रोज उडीद-मसूर शिजतो, तूर म्हणजे त्यांची "रहर", ती महाग पडते आणि पाहुणे आले की काढली जाते. सोबत तीळगूळ. आमांसाठी एक ऊबदार शाल, आणि तुम्ही चौघांनी आपापली चादर-घोंगडी न्या. स्यांग्जाच्या डोंगरात जानेवारीच्या रात्री आपल्यापेक्षा बऱ्याच गार असतात, आणि तुम्ही आपलं पांघरूण नेलं तर घरातल्या कुणाला आपली सिरक सोडावी लागणार नाही. निघायच्या सकाळी अंथरुणं घडी घालून, आंघोळीची बादली पालथी करून ठेवा. पोखरा तिथून तास-दोन तासांवर आहे, मित्राला सोबत न्या, आणि त्या दोन दिवसांचा त्याचा खर्च तुम्ही चौघांनी करा. तो नको म्हणेल. अकोल्यात चार वर्षं चहाचे पैसे कोणी दिले ते त्याला आठवून द्या.

मतदार ओळखपत्रं मात्र या रविवारीच काढून बघा. आणि ग्रुपवर काही लिहायच्या आधी त्या मित्राच्या घरी जाऊन ये.